लक्ष्मी रस्त्यावर फिरायला आलेला माणूस

कुंटे चौकाच्या जरा पुढे, एका बोळाच्या तोंडाशी, फूटपाथवरच्या पेव्हर ब्लॉकने माझ्या इस्त्रीच्या पँटवर गुडघ्यापर्यंत गढूळ पाणी उडवलं. पाऊस नव्हता. ढगही नव्हते.

"तो हलतो," शेजारच्या वाड्याच्या ओट्यावरून आवाज आला.

प्लॅस्टिकची खुर्ची, सदरा-पायजमा, मांडीवर पेपर. पेपर सकाळचा होता आणि वाचून झालेला दिसत होता. काकांची खरी करमणूक समोर सुरू होती.

"हलतो तर आधी सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंत का?"

यावर पुण्यात उत्तर नसतं. मी रुमाल काढला.

"चोळू नका, डाग पसरतो. वाळू द्या, मग झटका," काका म्हणाले आणि माझ्या गैरसमजाचं निरसन करायला पुढे सरसावले. "पलीकडचा आहे ना, तो नुसता वाजतो. त्याच्या अलीकडचा कधीमधी. हा मात्र हमखास. चपलेवाल्याला घोट्यापर्यंत, बूटवाल्याला गुडघ्यापर्यंत. बूटवाला टाच आपटतो ना!"

"तक्रार नाही केलीत?"

"केली की, फोटोसकट. उत्तर आलं, 'काम पूर्ण'. सोबत त्यांचाही फोटो. पण त्यात शेजारचा ब्लॉक. तो बिचारा कधीच हलत नव्हता."

"मग परत करायची."

"केली. परत त्याच ब्लॉकचा फोटो. या वेळी उजेड बरा होता." काकांनी मला नीट न्याहाळलं. "कुठून आलात?"

"कोथरूडहून."

"लग्नाचा बस्ता वगैरे?"

"नाही हो, सहज. फिरायला."

काकांनी चष्मा कपाळावर नेला. "फिरायला? लक्ष्मी रोडवर?" मग मान वळवून दारातून आत हाक दिली, "अगं, बाहेर ये जरा! हे बघ, हे फिरायला आलेत!"

काकू हात पुसत आल्या. मला डोक्यापासून बघत बघत त्यांची नजर गुडघ्याशी थांबली. "यांनी सांगितलं नाही ना? कुणालाच सांगत नाहीत. नुसते बसतात बघत," म्हणाल्या आणि कुकरच्या शिट्टीला आत गेल्या.

आता त्या ब्लॉकबद्दल. तो बिचारा निर्दोष असतो. फूटपाथचा ब्लॉक साधारण ६० मिमी जाडीचा. त्याच्याखाली जाड रेतीचा इंच-दीड इंचाचा थर, रेतीखाली दाबून बसवलेली खडी-मुरूम, आणि कडेला घट्ट कर्ब, म्हणजे काठाचे दगड. सांध्यांत बारीक रेती भरून वरून कंपनाचं यंत्र फिरवलं की ब्लॉक एकमेकांना धरून बसतात. त्यांची सगळी ताकद या एकमेकांना धरण्यात असते. मग कुणीतरी केबल टाकायला येतो. चर खणतो, केबल टाकतो, निघालेली माती एका दमात परत ढकलतो आणि वर ब्लॉक मांडून निघून जातो. खरं तर माती सहा-सहा इंचांच्या थरांनी टाकून प्रत्येक थर धुम्मसाने ठोकून दाबायचा असतो. ते न केल्याने पहिल्याच पावसाळ्यात चर खचतो, रेती त्यात वाहून जाते आणि ब्लॉकखाली पोकळी होते. तिथे कुठल्यातरी गळक्या नळाचं पाणी साठतं. मग एका कडेवर पाय पडला की पाणी सांध्यातून वर. दुरुस्ती काय, तर दहा-बारा ब्लॉक उचला, भर घालून ठोका, रेती पसरून पट्टीने सपाट करा, परत लावा. दोन माणसांचं काम, एका सकाळचं. पण त्याची निविदा निघत नाही. निविदा निघते ती अख्खा फूटपाथ उखडायची.

आणि त्यावर चालायचं कुठे? नियमाप्रमाणे किमान १.८ मीटर, म्हणजे सहा फूट, मोकळी जागा हवी. त्यातून दुकानाची पायरी दीड फूट वजा करा. पायरीपुढे साड्या नेसून उभ्या केलेल्या पुतळ्या, दीड फूट. विजेचा डबा, दोन फूट. उरला एक फूट, आणि त्यावरून समोरून स्कूटर येते. चालणाऱ्यांसाठी बसवलेला ब्लॉक स्कूटरने हलू लागतो, ते वेगळंच. शिवाय स्कूटरवाला वर हॉर्न देतो!

जुन्या पेठांमध्ये खूप काही करता येण्यासारखं आहे, असं हल्ली जो तो म्हणतो. खोटं नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या पायी अंतरात विश्रामबागवाडा, तुळशीबाग, मंडई, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकं. थोडं पुढे कसब्यात तांबट आळीची ठोकाठोक. दुसऱ्या कुठल्या शहराने तिकीट लावलं असतं. मंडईचीच गंमत बघा. नगरपालिकेचे सभासद असताना या इमारतीवरच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर लावा म्हणून. १८८६ साली ती गव्हर्नर रे साहेबांच्या नावाने उभी राहिली आणि आज तिला नाव आहे जोतीरावांचं. विरोध कुणाचाही फुकट जात नाही, फक्त उशिरा पोचतो.

मंडईला २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो थांबते. मुठेच्या तळाखालून बोगदा नेता येतो आणि वर दीड इंच रेती सपाट करता येत नाही, हे कोडं मला सुटलेलं नाही.

काकांचा वाडाही त्याच वाटेने चाललाय. आधी एखादं कौल सरकतं. पाणी झिरपतं ते तुळईच्या भिंतीत शिरलेल्या टोकाशी, कारण तिथे वारा लागत नाही. मधोमध सागवान टणक, टोकाला भुसा. कौल वेळेवर सरळ करायला एक शिडी पुरते. पण मालकाला जुन्या भाड्यात परवडत नाही आणि भाडेकरू म्हणतो, मी का करू? मग टेकू लागतात आणि मग इमारतीला धोकादायकची नोटीस.

दर ११ डिसेंबरला नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक वाहनं बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. लोक भर रस्त्यातून चालतात, मुलं खेळतात, छान असतं. फक्त त्या दिवशी कुणी फूटपाथवरून चालत नाही, त्यामुळे त्याची परीक्षाच होत नाही. माझं म्हणणं एवढंच, की तो दिन खुशाल साजरा करा, पण दुसऱ्या दिवशी उद्घाटनाच्या पाहुण्यांना बूट घालून याच फूटपाथवरून अलका चौकापर्यंत चालवा. काकांच्या ओट्यावर अजून दोन खुर्च्या मावतात.