कार्नेगीने पगार दिले नव्हते

"अमेरिकेत कार्नेगी नावाच्या एका शेठने गावोगाव वाचनालयं बांधली, पुस्तकं दिली, ग्रंथपालांचे पगारही दिले. जनतेचा एक पैसा लागला नाही. आपल्या शेठांनी काय केलं?" हा मेसेज सध्या जळगाव-धुळ्याच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. मी दुर्लक्ष केलं असतं. पण आमचे मामा ज्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहेत, तिथल्या बैठकीत तो मोठ्याने वाचला गेला आणि लगेच सूर निघाला: पालिकेकडे कशाला मागायचं, दाता मिळेपर्यंत वॉर्डातली शाखा बंद ठेवू!

म्हणून पगाराचंच आधी. कार्नेगी पैसे द्यायचा ते इमारतीसाठी. जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी सरकारी तिजोरीतून वाचनालयावर खर्च करू, असं कबूल करायचं. ५०,००० डॉलर हवेत? मग दर साल ५,००० डॉलर काढा. पुस्तकं, पगार, दिवाबत्ती त्यातूनच. १९०१ साली त्याने न्यूयॉर्कला शाखा बांधायला ५२ लाख डॉलर देऊ केले, तेव्हाही जागा आणि चालवण्याचा खर्च शहराकडेच होता. या अटीपायी काही गावांनी देणगी नाकारली. म्हणजे ज्या माणसाचं नाव घेऊन शाखेला कुलूप लावायचं चाललंय, त्याने करातून खर्च करायची तयारी नसलेल्या गावाला एक विटही दिली नसती. आपल्याकडे तर १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय कराची तरतूदच नाही. मद्रासच्या कायद्यात ती १९४८ पासून होती. भांडायचं तर यावर भांडा ना.

मेसेज म्हणतो, सगळ्या इमारती त्याच्याच आर्किटेक्टने एका नकाशावर बांधल्या. साफ चूक. आर्किटेक्ट गावं निवडायची. त्याचा सेक्रेटरी जेम्स बर्ट्राम याने १९११ पासून सूचनांचं एक पत्रक मात्र पाठवायला सुरुवात केली: एका ग्रंथपालाला एका जागेवरून सगळीकडे लक्ष ठेवता यावं, मागच्या खिडक्या खोलीच्या फरशीपासून सहा फुटांवर असाव्यात म्हणजे खाली सलग कपाटं बसतील.

"ज्ञानाकडे चढून जावं म्हणून पायऱ्या" हे मेसेजमधलं वाक्य मी अर्धं खरं मानते. जुन्या इमारतींत तसा थाट होता. पण पत्रकातलं तळघर नऊ-दहा फूट उंच आणि जमिनीखाली चारच फूट. वरचा मजला आपोआप पाच-सहा फूट चढतो, मग पायऱ्या लागणारच.

राहिले आपले शेठ. कार्नेगीचं पहिलं वाचनालय स्कॉटलंडात डनफर्मलिनला, १८८३ चं. जळगावचं वल्लभदास वालजी वाचनालय १८७७ चं. अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था, प्रताप शेठांनी १९१६ साली उभं केलं. आज असे दाते कमी झालेत, हे कबूल. पण उद्या कोणी मिळालाच, तरी दर महिन्याला ग्रंथपालाचा पगार कुठून निघणार, हे पालिकेच्या अंदाजपत्रकात आधी लिहून घ्या.