बंद पडलेली व्हीएम आणि ‘दोन मिनिटांचं काम’: एका प्रतिक्रियेला उत्तर

बंद पडलेल्या व्हीएमच्या (म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरनं चालवलेल्या संगणकाच्या) डिस्कमधून फायली कशा काढायच्या, या मागच्या लेखाखाली ‘सर्व्हररूम’ या टोपणनावानं एक प्रतिक्रिया आली आहे. ती आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको.

“लेख वाचला. अर्धवट माहितीवर लोकांना डिस्कशी खेळायला लावू नका. एक्सपीची व्हीएम बूट होत नाही म्हणून एवढा खटाटोप? स्टार्टअप रिपेअर चालवलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. स्नॅपशॉट असतील तर मूळ व्हीडीआय दुसरीकडे जोडल्यावर काय होतं, यावर एक अक्षर नाही. कमांड फोटोत दिल्यात, त्या कॉपी कशा करायच्या? सेव्हन-झिपनंही फायली निघतात. आणि बॅकअप असता तर हा लेखच लागला नसता. आजच्या काळात एक्सपीवर पोट भरणाऱ्यांची कीव येते.”

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्याकडे व्हर्च्युअलबॉक्समध्ये (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) जुनी विंडोज एक्सपी आहे, तिच्यात पानं जुळवायचं पेजमेकर ७.० आणि जुने, युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट. ऐन दिवाळी अंकाच्या धावपळीत संगणकाची डिस्क भरली, व्हर्च्युअलबॉक्सनं व्हीएम थांबवून तसा निरोप दाखवला. जागा करून ‘रिझ्यूम’ दाबलं असतं तर ती पुढे चालू लागली असती. आमच्या मुलानं ‘पॉवर ऑफ’ दाबलं. पुन्हा सुरू करायला गेलो तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरातली ‘सिस्टिम’ नावाची फाइल गहाळ आहे किंवा खराब झाली आहे. मी ती व्हीएम सुरू करण्याच्या फंदात न पडता तिची डिस्क (ती म्हणजे संगणकावरची व्हीडीआय नावाची एक मोठी फाइल) दुसऱ्या व्हीएमला जोडून लागणाऱ्या फायली काढून घेतल्या. लेख एवढाच.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. कमांड मजकुरात द्यायला हव्या होत्या, फोटोत नको. मोबाइलवर वाचणाऱ्यांना त्या दिसतही नव्हत्या. काल रात्री बदल केला आहे. आभार.

आता बाकीचं.

सर्व्हररूम साहेब, चूक दाखवण्याला माझी कधीच ना नाही. हा ब्लॉग वाचणारे कितीतरी जण माझ्यापेक्षा जाणकार आहेत आणि ते मला नेमानं टोकतात. पण टोकायची एक रीत असते. ‘अर्धवट माहितीवर खेळायला लावू नका’ हे वाक्य तुम्ही लेख नीट वाचून लिहिलंत की शीर्षक पाहून, हा प्रश्न मला पडला. कारण तिसऱ्याच परिच्छेदात लिहिलं आहे: आधी डिस्कची कॉपी घ्या, जे काही करायचं ते त्या कॉपीवर करा. ती कॉपीही एक्सप्लोररमधून ओढून नको, व्हर्च्युअलबॉक्सच्या मीडिया मॅनेजरमधून घ्या. नाहीतर दोन्ही फायलींचा आतला ओळखक्रमांक एकच राहतो आणि व्हर्च्युअलबॉक्स दुसरी फाइल जोडूनच घेत नाही. बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी घ्यायची असेल तर तो फॅट३२ आहे का ते बघा, कारण त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, ड्राइव्ह कितीही रिकामा असला तरी. आमच्या धंद्यात हे दर दिवाळीला कुणाच्या तरी नशिबी येतं. हे सगळं लिहून झालं होतं. ही अर्धवट माहिती असेल तर पूर्ण माहिती आपण लिहावी, मी आनंदानं वाचेन.

पण माझं खरं अडलं आहे ते ‘दोन मिनिटांचं काम’ इथं.

स्टार्टअप रिपेअर? एक्सपीत? साहेब, ती सोय व्हिस्टापासून आली. एक्सपीत असते ती रिकव्हरी कन्सोल आणि ती काय प्रकार आहे हे ज्यानं एकदा वापरली आहे तो दोन मिनिटांची भाषा करणार नाही. आधी एक्सपीची सीडी किंवा तिची आयएसओ (अख्ख्या सीडीची एक फाइल) शोधा. व्हीएमच्या सेटिंगमध्ये ती जोडा, बूटचा क्रम बदला. निळा पडदा आला की ‘आर’ दाबा. मग ती विचारते, कुठल्या विंडोजमध्ये जायचं, १ टाका. मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड. तो कोणी कधी ठेवला होता हे आठवायलाच आमच्या ऑफिसात अर्धा दिवस जातो. बहुतेक वेळा कोराच निघतो, पण ते नंतर कळतं.

आत गेल्यावर काय मिळतं? फिक्सएमबीआर, फिक्सबूट, चेकडिस्क आणि बूट डॉट आयएनआय पुन्हा लिहायला बूटसीएफजी. पहिल्या दोन कमांड बूट सेक्टरसाठी, म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या डिस्कच्या सुरुवातीच्या भागासाठी. आमचा बूट सेक्टर ठणठणीत होता, बिघडली होती ती ‘सिस्टिम’ फाइल, म्हणजे रजिस्ट्रीची (विंडोजच्या सगळ्या नोंदींच्या वहीची) फाइल. फिक्सएमबीआर शंभर वेळा चालवलं असतं तरी काडीचा फरक पडला नसता. रजिस्ट्रीसाठी जो मार्ग आहे तो असा: विंडोजच्या ‘रिपेअर’ फोल्डरात रजिस्ट्रीच्या फायलींची एक जुनी प्रत असते, ती कॉन्फिगमध्ये आणून टाकायची. ही प्रत सहसा एक्सपी बसवली त्या दिवसाची असते. म्हणजे मशीन सुरू होईल, पण पेजमेकर कधी बसवला होता, फॉन्टचं सॉफ्टवेअर कुठलं, डोंगलचा (सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणाऱ्या किल्लीचा) ड्रायव्हर कुठला, यातलं तिला काही आठवणार नाही. मग सिस्टिम रिस्टोअरनं लपवून ठेवलेल्या नंतरच्या प्रती ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’मधून हुडकायच्या, परवानग्या बदलायच्या, फायलींची नावं बदलायची, पुन्हा कन्सोलमध्ये जायचं. करून पाहिलंय का कधी?

आणि ज्याला फक्त फायली हव्या आहेत त्याला तर ही कन्सोल आत पाऊलही टाकू देत नाही. मुळात ती फक्त ड्राइव्हचं मूळ फोल्डर आणि विंडोजचं फोल्डर उघडू देते. ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’मध्ये जायला बघा, सरळ ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’. पेन ड्राइव्हवर फाइल उतरवायलाही मनाई, ती मनाई आधीच सुरू असलेल्या विंडोजमधून उठवून ठेवलेली असेल तर गोष्ट वेगळी. आणि विंडोज सुरू असती तर आपण इथे बोलत बसलो असतो का?

राहता राहिलं चेकडिस्क. लोक सहज सल्ला देतात: चेकडिस्क मार, होईल. होतंही. पण चेकडिस्क डिस्कवर लिहितं. त्याचं काम फाइल सिस्टिमचा हिशेब जुळवणं. तुमचा अग्रलेख वाचवणं हे त्याचं काम नाही. ज्या तुकड्यांचा धनी सापडत नाही ते ‘फाउंड ००० ’ नावाच्या फोल्डरात सीएचके म्हणून जाऊन पडतात. त्यातला कुठला तुकडा कुठल्या कथेचा, हे त्या मजकुराचा लेखकसुद्धा सांगू शकत नाही. म्हणून दुरुस्ती करायची ती फायली बाहेर आल्यानंतर, आणि कॉपीवर.

याच कारणासाठी मी ती डिस्क दुसऱ्या विंडोजला न जोडता उबुंटूच्या लाइव्ह आयएसओवर (डिस्कवर न बसवता थेट चालणाऱ्या लिनक्सवर) जोडली होती. खराब झालेला एनटीएफएस (विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीचा) ड्राइव्ह विंडोजला दिसला की ती सुरू होतानाच त्याची तपासणी करायला जाते. मोजक्या सेकंदांत की दाबली नाही तर तुमच्या परवानगीविना दुरुस्ती सुरू. लाइव्ह उबुंटूमध्येही फाइल मॅनेजरवर क्लिक करून ड्राइव्ह उघडू नका, टर्मिनलवरून (कमांड लिहायच्या खिडकीतून) फक्त वाचण्यापुरता माउंट करा, म्हणजे जोडा. लेखातली दुसरी कमांड तीच आहे, आता मजकुरात आहे, वाचता येईल.

तुम्ही म्हणाल, एका वाक्यावर एवढं कशाला. कारण अशी वाक्यं फॉरवर्ड होतात. ‘दोन मिनिटांचं काम आहे’ असं कुणीतरी जाणकाराच्या थाटात लिहितं, आणि जिल्ह्याच्या ठिकाणचा एखादा डीटीपीवाला रात्री अकरा वाजता ते वाचून मूळ डिस्कवर चेकडिस्क मारतो. निस्तरायला मात्र कुणी येत नाही.

माझ्याबद्दल थोडं सांगणं आलं, तुम्हीच ती वेळ आणलीत. मी सांगलीत छपाईच्या धंद्यात आहे. बटर पेपरवर प्रिंट काढून, कात्री आणि डिंक घेऊन पानं जुळवायचो तेव्हापासून. २००५ चा पूर पाहिला, २०१९ चाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये दुकानात पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही काय केलं माहीत आहे? कॅबिनेटच्या बाजूची पत्र्याची झाकणं उघडली, हार्डडिस्कच्या केबल उपसल्या आणि डिस्क पिशवीत घालून वरच्या मजल्यावर नेल्या. मॉनिटर, प्रिंटर, कॅबिनेट, सगळं खाली सोडलं. त्या वेळी कुणी ‘आधी संगणक सुरू होतोय का बघा’ म्हणालं असतं तर त्याला मी नदीकडे पाठवलं असतं. गिऱ्हाइकांच्या फायली त्या डिस्कवर होत्या, संगणकात नव्हत्या. व्हीएमचंही तेच आहे. बूट होणारी ती एक गोष्ट आणि व्हीडीआय नावाची फाइल ही दुसरी. पहिली गेली तरी दुसरी शाबूत असू शकते.

त्या पुरात एक्सपीचं जुनं मशीन गेलं. नव्या मशीनच्या चिपसेटला एक्सपीचे ड्रायव्हर मिळेनात, तेव्हापासून एक्सपी व्हर्च्युअलबॉक्समध्ये आहे. हौस म्हणून नाही. मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार काढला हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच त्या व्हीएमचं नेटवर्क बंद ठेवलेलं असतं. जुने फॉन्ट युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर मीही वापरतो, नवीन काम सगळं युनिकोडमध्येच होतं. पण वीस वर्षांच्या पुस्तकांची पानं पेजमेकरमध्ये जुळवलेली पडली आहेत. प्रकाशक म्हणतो, तिसरी आवृत्ती काढायची, दोन ओळी बदला. त्या दोन ओळींसाठी चारशे पानं कन्व्हर्ट करून रफार आणि जोडाक्षरं पुन्हा तपासत बसू? तो खर्च आपण देणार असाल तर कळवा. कीव वगैरे मग बघू.

बाकीचे मुद्दे किरकोळ आहेत.

सेव्हन-झिप: होय, व्हीडीआय उघडते, आतल्या एनटीएफएसमधल्या फायलीही दाखवते. माझ्या पद्धतीनंही निघतात. ज्याला जे जमेल ते.

स्नॅपशॉट: आम्ही घेत नाही, म्हणून लेखात नाही. दिवाळी अंकाच्या घाईत असलेल्या माणसासाठी लेख होता, सर्टिफिकेशनच्या परीक्षेसाठी नाही. तरी तुम्हाला फारच लागून राहिलं आहे म्हणून सांगतो. स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची साठवलेली अवस्था) घेतलेला असेल तर मूळ व्हीडीआय त्या दिवसावर गोठते, पुढचं सगळं ‘स्नॅपशॉट्स’ फोल्डरातल्या लांबलचक नावाच्या फाइलमध्ये जातं. मूळ फाइल एकटी उघडली तर जुन्याच फायली दिसतात आणि तिच्यात काही लिहिलं गेलं तर पुढच्या फाइलचा मेळ तुटतो. मीडिया मॅनेजरमध्ये सगळ्यात शेवटची फाइल निवडून तिची कॉपी घ्या, अख्खी साखळी एका फाइलमध्ये येते. लेखाखाली ही ओळ टाकली आहे. एवढंच होतं, यासाठी तो सूर लावायची गरज नव्हती.

बॅकअप: होता. महिन्यापूर्वीचा. दिवाळी अंकाचा मजकूर त्या महिन्यातच आला होता. बॅकअप घ्या हा उपदेश बरोबरच आहे, पण डिस्क गेलेल्या माणसाला तो त्या क्षणी ऐकवणाऱ्याबद्दल माझं मत मी इथे लिहीत नाही.

जाता जाता इतर वाचकांसाठी एक, कारण दोघांनी मेल करून विचारलं. जुनी एक्सपीची व्हीएम नव्या संगणकावर नेली आणि सुरू होताना निळ्या पडद्यावर स्टॉप ७बी ही चूक आली, तर फायली काढायच्या मागे लागू नका. बहुतेक वेळा डिस्क साटा कंट्रोलरला (डिस्क जोडायच्या नव्या पद्धतीला) जोडली गेलेली असते आणि एक्सपीत त्याचा ड्रायव्हर मुळातच नसतो. सेटिंगमध्ये जाऊन तीच डिस्क आयडीई या जुन्या पद्धतीच्या कंट्रोलरखाली जोडा आणि सुरू करून बघा. हे मात्र खरंच दोन मिनिटांचं काम आहे.

सर्व्हररूम साहेब, तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी टोपणनावाऐवजी स्वतःच्या नावानं लिहिलंत तर बरं वाटेल. आणि एक्सपीच्या सीडीवर स्टार्टअप रिपेअर कुठल्या मेनूत आहे त्याचा एक फोटो टाका. तो फोटोत चालेल, कॉपी करायचा नाही.