आगे भारी यातायात है

पेण गेलं, वडखळ मागे पडलं आणि मोबाईलमधली बाई म्हणाली, "आगे भारी यातायात है."

तोवर ती मराठीत बोलत होती. सईने गाणी लावायला फोन घेतला, त्यात कुठेतरी बोट लागलं आणि बाईंनी भाषा बदलली. मागच्या सीटवर अण्णा, म्हणजे माझे वडील, डोंबिवली सोडल्यापासून मान टाकून झोपले होते. ते या वाक्यासरशी खाडकन जागे झाले.

"काय म्हणाली ती?"

"पुढे ट्रॅफिक आहे, अण्णा. झोपा तुम्ही."

"ट्रॅफिक नाही म्हणाली. यातायात म्हणाली. भारी यातायात! अरे, इतकं नेमकं मराठी हल्ली कोण बोलतं?"

रात्रीचा एक वाजला होता. चतुर्थीला दोन दिवस होते आणि मुंबई-गोवा महामार्गावर अख्खी मुंबई आमच्या पुढे होती. कणकवलीजवळचं आमचं घर तिथून अजून साडेतीनशे किलोमीटर. अशा वेळी गाडीत डिझेल, पाणी आणि उलटीच्या गोळ्या असाव्यात. आमच्या गाडीत याखेरीज तेहतीस वर्षं हायस्कुलात मराठी-संस्कृत शिकवून निवृत्त झालेला, झोप पूर्ण झालेला माणूस होता.

"यात म्हणजे गेलेलं, आयात म्हणजे आलेलं," तास सुरू झाला. "'या' धातू. यात्रा त्यातलीच. यात अधिक आयात, यातायात. जाणं आणि येणं. संपलं. यात त्रास कुठे आहे सांग?"

मी समोरच्या टेम्पोच्या मागच्या दिव्यांकडे बघत होतो. त्रास कुठे आहे ते मला दिसत होतं.

"हिंदीने तो अर्थ जपला. त्यांची यातायात म्हणजे नुसती वाहतूक. आपण काय केलं? संतांनी तो शब्द जन्ममरणाच्या फेऱ्याला लावला. या, मरा, परत या. गीतेत नवव्या अध्यायात 'गतागतं कामकामा लभन्ते' आहे, ते हेच. भोगाच्या मागे लागलेल्यांच्या नशिबी नुसत्या खेपा. मग मराठीत त्या शब्दातलं जाणंही गेलं, येणंही गेलं, आणि मागे उरला तो फक्त त्रास. आता रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायचं तरी आपल्याला यातायात पडते."

"हिंदीत तो यातायात आणि मराठीत ती यातायात, बरोबर ना अण्णा?" पुढच्या सीटवरून बायकोने विचारलं. तिच्या पायाशी तळणीचे दोन डबे, मांडीवर समया.

"बरोबर. आपल्याकडे स्त्रीलिंगी."

"तरीच सगळा त्रास तिच्या वाट्याला आला."

अण्णांनी सुनेला पैकीच्या पैकी गुण दिले. मी मात्र घोडचूक केली. सहज म्हणालो, "म्हणजे यातना पण त्यातलंच का?"

"छे! यातना 'यत्' धातूवरून. कूळ वेगळं, गोत्र वेगळं. या दोघींचा काडीचा संबंध नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "राहतात मात्र एकाच चाळीत."

या रस्त्याचं चौपदरीकरण सुरू झालं २०११ मध्ये. तेव्हा सई रांगत होती. सई यंदा दहावी झाली, रस्ता अजून रांगतोय. (हा विनोद मी दरवर्षी करतो, फक्त इयत्ता बदलतो.) यंदा ती मागे अण्णांच्या शेजारी पुठ्ठ्याच्या मखरात बसली होती. मखर डिकीत मावलं नाही, म्हणून त्याची कमान तिच्या डोक्यावरून घेतली होती. दोन्ही बाजूंना सोनेरी खांब, मधे कानांत इअरफोन घातलेली ही मूर्ती. नागोठण्याला चहासाठी थांबलो, तर शेजारच्या गाडीतल्या आजीने काचेतून तिला नमस्कार केला.

कोलाडच्या अलीकडे मेव्हण्याचा फोन आला. त्याचं गाव आमच्या गावाला लागून. पण तो शहाणा माणूस. तो पुण्यावरून कोल्हापूर गाठून फोंडाघाटाने खाली उतरतो.

"कुठं आहात?"

"कोलाड येईल आता."

"अजून?" या एका शब्दात त्याने मला जे ऐकवलं, ते त्याच्या बहिणीला लग्नानंतर इतक्या वर्षांत जमलेलं नाही. म्हणजे इतक्या थोडक्यात.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "कोकणात जायला घाट चढायचा आणि परत उतरायचा. याला म्हणतात द्राविडी प्राणायाम."

"हं," अण्णा म्हणाले. "डोक्यामागून हात फिरवून नाक धरणं. शब्द योग्य. पण त्याने नाक धरलंय, आपण अजून हात शोधतोय."

माझा थोरला भाऊ ट्रॅव्हल्सने येत होता. त्याचा मेसेज आला, 'स्लीपरमध्ये वरची सीट, एसी गळतोय, थेंब कपाळावर.' अण्णांना तो मोठ्याने वाचून दाखवला, तर पोटच्या मुलाची कीव येण्याऐवजी ते खूश झाले. इंग्रजी 'ट्रॅव्हल' हा शब्द म्हणे मुळात 'ट्रॅव्हेल' म्हणजे कष्ट, कळा. आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या एका छळाच्या साधनाच्या नावात सापडतं. तीन खुंट, त्याला माणूस बांधायचा. "आपल्या लोकांनी त्या गाड्यांना ट्रॅव्हल्स म्हणायला सुरुवात केली ती उगीच नाही. अनेकवचन बघ! एका खुंटावर भागत नाही."

आणि मग माणगाव आलं.

आलं म्हणजे पाटी आली. पाटीपासून बाजारपेठेपर्यंतचं अंतर एरवी गाडीला काही मिनिटांचं. पहाटे चारला आमची गाडी त्या रांगेच्या शेपटाला लागली आणि उजाडलं तरी आमच्या डाव्या हाताला तीच एसटी होती. तिच्या तिसऱ्या खिडकीत एका गृहस्थाचा गाल काचेला चिकटलेला. झोपेत काचेवर वाफ धरायची, निवायची, परत धरायची. सुरुवातीला मला त्यांची गंमत वाटत होती, मग सवय झाली, मग मधेच वाफ धरेना तेव्हा मी काळजीने हॉर्न वाजवला. गृहस्थ दचकून उठले, माझ्याकडे रागाने बघितलं आणि दुसरा गाल लावला. त्यांच्या मागच्या खिडकीतल्या काकूंशी तोवर बायकोची ओळख निघाली होती. त्या लांज्याच्या. त्यांनी वरून केळी दिली, हिने खालून चकल्या दिल्या. दोघींनी एकमेकींचे नंबर घेतले. रांग पाच फूट सरकली, की निरोप घेतल्यासारखे हात व्हायचे. मग एसटीही पाच फूट सरकायची आणि गप्पा पुढे सुरू.

"मजल दरमजल," अण्णा पुटपुटले.

मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्याचा उपयोग नसतो.

"अरबी 'मंझिल'. उतरायची जागा. दिवसभर चालून संध्याकाळी जिथे मुक्काम टाकायचा, ती मंझिल. त्यावरून एका दिवसाच्या चालीला मजल म्हणायला लागले. इमारतीचा मजलाही तोच. भाऊसाहेब मार्च १७६० मध्ये परतुराहून निघाले, ते मजल दरमजल करत ऑगस्टात दिल्लीला. बरोबर तोफखाना, बायकामाणसं, काशीयात्रेला निघालेले लोक आणि बाजारबुणगे. बुणगे म्हणजे काय, सई?"

मखरातून इअरफोन काढत सई म्हणाली, "आपण."

"शाब्बास! आणि गंमत बघा, इंग्रजी 'जर्नी'सुद्धा तशीच. फ्रेंचमध्ये 'जूर' म्हणजे दिवस. एका दिवसाचं काम, एका दिवसाची वाट. म्हणजे तिकडे फ्रान्सातला माणूस आणि इकडे..."

साडेसहा वाजले होते. रात्रभर क्लच दाबून माझा डावा पाय माझा राहिला नव्हता. मागचा ट्रकवाला, आम्हाला पुढे जायला जागा आहे अशा समजुतीने, दर मिनिटाला हॉर्न देत होता. उकडलेल्या शेंगांची टोपली काचेशी येऊन तिसऱ्यांदा परत गेली होती. माझ्या तोंडून गेलं, "अण्णा, आता पाच मिनिटं गप्प बसा हो!"

गाडीत शांतता पसरली. बायकोने समया घट्ट धरल्या. आरशात अण्णांचा चेहरा दिसला. भुवया वर, ओठ मिटलेले. लहानपणी या चेहऱ्यानंतर पट्टी यायची.

"बापाला गप्प बस म्हणण्यापर्यंत तुझी मजल गेली?"

मी काही बोललो नाही. दोनेक सेकंद गेले आणि अण्णा सीटवरून उसळलेच. "मजल! अरे, मजल गेली! हाच तो तिसरा अर्थ! माणूस कुठवर पोचू शकतो त्याची हद्द! वा, वा!" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. दचकून माझा पाय क्लचवरून सुटला, गाडीने उडी घेतली आणि बंद पडली. सबंध पहाटेत आम्ही एका दमात कापलेलं ते सर्वांत मोठं अंतर.

महाड-पोलादपूर बरं गेलं. कशेडीचा घाट अण्णांनी 'पायपीट'साठी राखून ठेवला होता. पण आता तिथे बोगदा झालाय, आणि शब्द पुरता फोडायच्या आत आम्ही पलीकडे खेड तालुक्यात होतो. प्रगतीचं असं वाईट वाटलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मग चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा, लांजा, राजापूर. खारेपाटणला मेव्हण्याचा पुन्हा फोन आला. त्याचं जेवण होऊन, झोप काढून, चहा झाला होता.

दुपारी साडेचारला घरासमोर गाडी थांबली. अठरा तास. काकी पडवीतून खाली आली, सगळ्यांकडे एकदा बघितलं, मखरातल्या सईकडे दोनदा.

"इलात? प्रवास कसो झालो?"

मी डोळ्यांनी तिला खुणावत होतो, पण उशीर झाला होता.

"प्रवास म्हणजे मुळात जाणं नव्हे हो, वहिनी," अण्णा गाडीतून उतरता उतरता म्हणाले. "वस् म्हणजे राहणं. प्रवास म्हणजे घर सोडून लांब राहणं. संस्कृत काव्यात नवरा परगावी असलेली नायिका असते, प्रोषितभर्तृका, ती त्याच धातूची. त्या हिशोबाने आमचा प्रवास डोंबिवलीत चाललाय. एक्केचाळीस वर्षं झाली."

काकीने पदर डोळ्यांना लावला की घाम पुसला ते कळलं नाही. म्हणाली, "भावोजी, पयलो हात-पाय धुवा."

विहिरीवर पाणी शेंदताना माझा गुडघा वाकेना. सई मखरातून एकदाची बाहेर आली, आळस देत म्हणाली, "आजोबा, म्हणजे यातायातीतलं आत्ता फक्त यात झालंय ना?"

"हो. आयात रविवारी."

पडवीच्या कोपऱ्यात सोललेल्या नारळांच्या दोन गोणी तोंड शिवून ठेवल्या होत्या. वर चार तवशी, एक कोहळा आणि तांदळाची पिशवी. काकी म्हणाली, "गाडयेत जागा ठेवा हां."