घड्याळ नको, फूट मोजा

जुन्या चित्रपटाची पूर्ण प्रत कशी ओळखावी यावरच्या लेखात म्हटलंय की दोन प्रतींपैकी जी जास्त वेळ चालते ती पूर्ण समजावी. इतकं सोपं नाही हो. ३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ चित्रं या वेगाने मिनिटाला ९० फूट सरकते. म्हणजे १३,००० फुटांचा बोलपट साधारण १४४ मिनिटांचा. तोच पाल पद्धतीच्या (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या) व्हिडिओवर सेकंदाला २५ चित्रं या वेगाने घेतला की १३९ मिनिटांत संपतो, एकही दृश्य न कापता! म्हणून सुरुवातीचं सेन्सॉर प्रमाणपत्र थांबवून वाचा. रिळं आणि लांबी तिथेच असते. मूकपटांना मात्र हा हिशेब लागू नाही, त्यांचा वेग ठरलेला नसे.

दुसरा पुरावा चित्रपटासोबत विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकेचा. आमच्या सोलापुरात जुन्या रद्दीत अजून कधीमधी सापडतात. पुस्तिकेत गाणं आहे आणि पडद्यावर नाही, तर कात्री कुठे लागली ते कळतं. (व्हीसीडीवाल्यांनी तर गाणीच आधी उडवली.) जत्रेतल्या तंबूंत फिरून आलेल्या प्रतींची रिळांची टोकं हमखास गेलेली असतात, कारण तुटली की तेवढी कापून जोडायची.

'राजा हरिश्चंद्र'ची (१९१३) चारपैकी दोनच रिळं उरली असं मानलं जातं. पण 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटाचा बहुतेक गहाळ भाग २००८ साली ब्युनोस आयर्समध्ये १६ मिमी (३५ पेक्षा अरुंद फिल्मच्या) प्रतीत सापडलाच की. लेखकांनी १६ मिमीचा उल्लेखही केलेला नाही. शाळा, क्लब, ग्रंथालयांसाठी काढलेल्या या प्रती आधी शोधायला हव्यात.