‘पैसा कंपनीचा जाते, आपलं काय?’

सोयाबीन पट्ट्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘विमा कंपन्यांनी आपल्याले लुटलं. मग कोणी देवस्थानच्या जमिनीवर, न पेरलेल्या वावरावर विमा काढला तर बिघडलं काय? पैसा कंपनीचा जाते. शेतकऱ्याचं नुकसान नाही. बोगस अर्ज हा सरकारचा बहाणा आहे.’

राग रास्त आहे. हिशेब चुकला आहे.

पैसा कंपनीचा? खरीप 2023 पासून महाराष्ट्रात शेतकऱ्याला एक रुपयात पीक विमा होता, तेव्हा बाकीचा सगळा हप्ता राज्य आणि केंद्र भरत होतं, तोही विमा काढलेल्या हेक्टरांवर. म्हणजे पकडला न गेलेला बोगस अर्ज कंपनीला आयता हप्ता मिळवून देत होता. वरून 80:110 चं सूत्र: भरपाई हप्त्याच्या 110 टक्क्यांवर गेली की पुढचा बोजा राज्याच्या तिजोरीवर. 110 पर्यंतची झळ कंपनीला बसते खरी, पण पुढच्या निविदेत ती दर वाढवून मागायला मोकळी असते.

शेतकऱ्याचं नुकसान नाही, ही तर शुद्ध थाप. भरपाई बहुतेक महसूल मंडळानुसार, म्हणजे काही गावांच्या गटानुसार ठरते. मंडळात पेऱ्यापेक्षा जास्त क्षेत्राचा विमा निघाला, तर विमा संरक्षित रक्कम त्या प्रमाणात खाली आणण्याची तरतूद पंतप्रधान पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. समजा, सोयाबीन पेरलं 4,000 हेक्टर आणि विमा निघाला 5,000 हेक्टरचा. मग हेक्टरी 10,000 मिळायचे तिथं 8,000 येतात. ते 2,000 ज्यानं खरंच तिफण चालवली त्याच्या खिशातून गेले.

बहाणा? अर्धा आहे. एका अर्जामागे अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्राच्या चालकाला 40 रुपये मिळत होते, त्यामुळे कोणाचाही सातबारा जोडून अर्ज भरण्याचा धंदा काहींनी मांडला. सातबारावाल्या बिचाऱ्याला पत्ताही नसायचा. कृषिमंत्री असताना माणिकराव कोकाटे यांनी असे सुमारे 4 लाख अर्ज सांगितले होते.

पण शिक्षा कोणाला झाली? खरीप 2025 पासून एक रुपया गेला. सोयाबीनला 2 टक्के, पऱ्हाटीला (कापसाला) 5 टक्क्यांपर्यंत हप्ता आला. 50,000 च्या संरक्षणावर 2 टक्के म्हणजे 1,000 रुपये. त्याहून वाईट, पेरणी न होणं, स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती आणि काढणीनंतरचं नुकसान हे चारही निकष वगळले. मग सगळी भिस्त उरली मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर, आणि ते मोजण्यात मोठा वाटा पीक कापणी प्रयोगाचा, म्हणजे निवडलेल्या शेतातलं पीक कापून वजन करण्याचा. तुमचं नाल्याकाठचं वावर खरडून गेलं, पण मंडळाचं सरासरी उत्पन्न ठरवून दिलेल्या उंबरठा उत्पन्नाच्या वर राहिलं, तर हाती शून्य. हे सरकारनं चुकीचं केलं, आणि बोगस अर्जांनी त्याला निमित्त पुरवलं.

कंपनीशी भांडायचं असेल तर फॉरवर्ड सोडा आणि आपल्या गावात कापणी प्रयोग कोणत्या गटात आहे ते सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचे कृषी सहायक) विचारा. वजन होताना दोघं-चौघं तिथं उभे राहा.