वर्ध्याचे खानखोजे आणि आमच्या ग्रुपवरचं भांडण

मागच्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर परत तेच सुरू झालं. विषय कापसाच्या भावाचा होता, मी चार ओळी लिहिल्या, तर आतेभावाने सरळ सुनावलं की दादा, तू तिकडे मेक्सिकोत बसून आम्हाला शेती शिकवू नको, देश सोडून गेला त्याने बोलायचं नाही. लहान आहे माझ्याहून, स्वतः शेती करतो, पण लागलं मनाला.

रविवारी इथल्या शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या इमारतीत गेलो. तिथे भिंतीवर मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिवेराने रंगवलेलं एक चित्र आहे, टेबलाभोवती माणसं जमलीत आणि मधे बसलेला माणूस पाव मोडून वाटतोय. तो माणूस म्हणजे आपल्या वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे! मी वर्ध्यातच वाढलो पण हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते इथे येऊन, याची खंत वाटते.

विशीत देशाबाहेर पडले, जपान, मग अमेरिका, तिथे शेतीचं शिक्षण घेता घेता गदरच्या, म्हणजे परदेशातल्या भारतीयांच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पक्षाच्या, कामात उडी, पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांशी लढाई, मग बर्लिन, मॉस्को, आणि १९२४ मध्ये मेक्सिको. इथे मेक्सिको सिटीजवळच्या चापिंगो गावातल्या शेतकी शाळेत शिकवलं, मका आणि गव्हाच्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी फुकट शेतीशाळा काढल्या. लग्न, दोन मुली, सगळा संसार इथेच. इंग्रजांनी घरी यायला बंदी घातलेली, शेवटी १९५५ मध्ये नागपूरला येऊन राहिले तेव्हा सत्तरी ओलांडली होती, १९६७ मध्ये तिथेच गेले.

आता हे मी माझ्या बाजूने पुरावा म्हणून सांगत नाहीये. त्यांना परत येता येत नव्हतं, मी कंपनीच्या ट्रान्सफरवर आलोय आणि दोन वर्षांनी का होईना घरी जाऊन येतो, त्यामुळे आपण परदेशातल्यांनी अशा माणसाच्या नावाआड उभं राहू नये असं मला मनापासून वाटतं. पण आतेभावाचा नियम लावला तर खानखोज्यांनीही हिंदुस्थानबद्दल जन्मभर गप्पच बसायला हवं होतं, आणि ते कुणाला पटेल? माणूस कुठे राहतो ते सोडा, ज्या कामाबद्दल बोलतो ते त्याने कधी केलंय का, हे विचारा ना. आणि तसं विचारलं तर कापसाच्या बाबतीत भाऊच बरोबर, मी आयुष्यात एकदाही कापूस वेचलेला नाही.

हे सगळं त्याला फोन करून सांगितलं, चित्राचा फोटोही पाठवला. तो म्हणाला, ते राहू दे दादा, त्यांनी मक्यावर नेमकं काय केलं ते सांग. शनिवारी चापिंगोला जातोय, २०२२ मध्ये तिथे त्यांचा पुतळाही बसवलाय, त्यांच्या कामाची माहिती असलेलं कुणी भेटतं का बघतो.