तीस टक्के, पण कशाचे?

परवा रविवारी मी माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच वजनकाट्यासमोर, आयुष्यात मांसाचा घासही न घेतलेल्या माणसाकडून चरबीचं प्रमाण शिकलो. शिकलो म्हणजे ऐकून घेतलं, आणि ऐकून तसं केलंही, तेच जास्त झोंबतंय.

झालं काय, की घरी सॉसेज करायचे होते. एक किलो पोर्कचा खांदा, तुकडे करून फ्रीजरमध्ये कडक केलेला, पाठीची चरबी वेगळी, केसिंग, म्हणजे सॉसेज ज्यात भरतात ती नळीसारखी आवरणं, पाण्यात भिजत. चरबी किती घालायची तेवढं वजन करायचं बाकी होतं, तेवढ्यात साडू आले, शिडी परत द्यायला. (शिडी चार महिन्यांपूर्वी नेलेली, आणि आता तिची एक पायरी हलते, पण तो विषय वेगळा.)

आमचे साडू म्हणजे निवृत्त ऑडिटर. माणूस निवृत्त झाला, ऑडिट नाही झालं. त्यांच्यासमोर कुठलाही आकडा उघडा ठेवू नये हे मला बावीस वर्षांत कळायला हवं होतं.

"काय चाललंय?"

"सॉसेज. चरबीचा हिशोब करतोय. एकूण ३० टक्के यायला पाहिजे."

"मांस किती?"

"एक किलो."

"मग ३०० ग्रॅम," शिडी भिंतीला टेकवता टेकवताच म्हणाले. "यात हिशोब कसला?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हटलं, दादा, असं नाही, खांद्याच्या मांसात स्वतःची चरबी असतेच, या तुकड्यात साधारण २० टक्के धरा, म्हणजे किलोत २०० ग्रॅम आधीच आत बसलीये, आता वरून एवढीच घालायची की सगळं मिळून ३० टक्के होईल, ते येतात १४३ ग्रॅम.

"एकशे त्रेचाळीस?" मी खोटं बिल लावल्यासारखा आवाज. "म्हणजे किलोला १४ टक्के. तुम्हाला हवेत ३०. बाकीचे गेले कुठे?"

"मांसात आहेत."

"दाखवा."

मी दाखवलं हो. खरंच एक तुकडा उचलून त्यांच्या नाकासमोर धरला आणि त्यातल्या पांढऱ्या रेघा बोटाने दाखवल्या. त्यांनी चष्मा लावला, हात पाठीमागे बांधले आणि संशयास्पद व्हाउचर बघावं तसं वाकून बघितलं.

"ही जी पांढरी चरबी म्हणताय, ती काट्यावर कधी चढली?"

"मांसाबरोबरच."

"म्हणजे मांस म्हणून एंट्री झाली. आता तीच चरबी म्हणून दाखवताय. एकच रक्कम दोन खात्यांत?"

याला काय उत्तर असतं? मी दुसरीकडून शिरलो. म्हटलं बरं, तुमच्यासाठी मांसात चरबी शून्य धरू. तरी ३०० घातले तर एकूण होतात १३०० आणि १३०० मधले ३०० म्हणजे फक्त २३ टक्के, तुमच्या हिशोबाने खरे ३० टक्के हवे असतील तर ४२९ ग्रॅम घालावे लागतील.

साडू हसले. ऑडिटर हसला की समजायचं सापडलं काहीतरी.

"म्हणजे तुमचं उत्तर एकदा १४३, एकदा ४२९. माझं पहिल्यापासून ३०० आहे."

बायको आत आली, म्हणाली अहो दोन मुठी घाला आणि संपवा ना. त्यावर साडू तिला म्हणाले, "मूठ कुणाची?"

मग मी कागद काढला. शाळेत मिश्रणाची गणितं होती ना, दुधात पाणी मिसळणारा तो इसम, त्याचीच पद्धत, तिला पिअर्सनचा चौकोन म्हणतात, डेअरीवाले आणि पशुखाद्यवाले वापरतात. मधे हवे ते ३०, डावीकडे वर मांसाचे २०, खाली चरबीचे १००, तिरकी वजाबाकी करायची, एका कोपऱ्यात येतात ७० आणि दुसऱ्यात १०, म्हणजे सात भाग मांसाला एक भाग चरबी. किलोला सातने भागा, १४३. परत तेच! मला इतका आनंद झाला की मी आकड्याखाली दोन रेघा मारल्या. साडूंनी कागद उलटा करून मागची बाजू बघितली, आणि ठेवला.

खरं सांगायचं तर माझं १४३ तरी कुठे धुतल्या तांदळाचं होतं. ते २० टक्के मी नजरेने धरलेले. शिवाय पाठीची चरबी म्हणजे शंभर टक्के चरबी नाही, तिच्यात पाणी असतं, पडदे असतात, ती ९० टक्के धरली तर तोच चौकोन १६७ सांगतो. आणि खांदा चांगला चरबट मिळाला तर वरून चिमूटभरही घालायची गरज नसते, तोच २५-३० टक्के असतो. पण रेसिपी लिहिणारे काय लिहितात? ७०:३०. बस्स. ७० म्हणजे सगळी चरबी तासून काढलेलं लाल मांस की जसं आलं तसं, हे कुणी लिहायचं? का प्रत्येकाच्या घरी एक साडू असतो असं गृहीत धरलंय? लाल मांसावर गणित बेतायचं आणि फोटोत खांदा दाखवायचा, आणि नंतर कोरडे झाले किंवा तेलकट झाले की हाताला दोष. मला याचा मनापासून राग येतो, साडू नसताना पण येतो.

तर या सगळ्यात अर्धा तास गेला. आणि तो अर्धा तास मांस ओट्यावर होतं. सॉसेजमध्ये प्रमाणाइतकाच थंडपणा महत्त्वाचा. चरबी गार असली तर ग्राइंडरमधून तिचे सुटे दाणे पडतात, ऊब लागली की ती लोण्यासारखी सगळीकडे लिंपली जाते, आणि मग मीठ घालून कितीही मळा, मांस तिला धरून ठेवत नाही. मला हे सगळं पाठ आहे. परत अर्धा तास फ्रीजरमध्ये ढकलायचं होतं. ढकललं नाही. भरण्याआधी चिमूटभर मिश्रण तव्यावर भाजून बघायचं असतं, ते पण केलं नाही. आणि घातली किती? ३०० ग्रॅम. वयाने मोठे आहेत, बायको डोळ्यांनी "जाऊ दे" म्हणत होती, आणि मला वाटलं एकदा यांच्या मनासारखं झालं की हे जातील.

गेले नाहीत. कसे होतात बघूनच जातो म्हणाले.

आता तुम्हीच करा हिशोब. आतली २००, वरची ३००, झाली ५००, भागिले १३००. अडतीस टक्क्यांच्या वर. तव्यात टाकल्यावर पहिल्या पाच मिनिटांत दोन केसिंग फुटल्या. उरलेल्यांतल्या एकात मी थर्मामीटर खुपसला, आत ७१ डिग्री झालंय का बघायला, तर तिथून जी पिचकारी उडाली ती सरळ शर्टावर. सॉसेज आकसून बोटाएवढे झाले आणि स्वतःच्याच चरबीत तरंगायला लागले. आणि एवढी चरबी असून आतून कोरडे ठाक, भुसा चावल्यासारखे. सगळी चरबी बाहेर, आत फक्त पश्चात्ताप.

साडू खुर्चीवरून उठले, तव्यात डोकावले, पुन्हा हात पाठीमागे.

"चरबी जास्त झाली वाटतं."

मी काही बोललो नाही.

"तुम्ही मांसातली धरली नव्हती का?"

शपथेवर सांगतो, हेच शब्द. चेहऱ्यावर चेष्टेचा लवलेश नाही. ही मेहुण्यांना फोनवर सांगत होती तेव्हा मागून यांचा आवाज, "मी तिथेच होतो, हिशोब चुकला त्यांचा." रात्री सगळे झोपल्यावर मी तव्यातली चरबी वाटीत ओतून तिचं वजन केलं. १८० ग्रॅम. कुणाला सांगणार?

काल त्यांचा फोन आला. पुढच्या वेळी मिठाचं मला विचारा म्हणाले, दोन टक्के असतं ना, मग किलोला २० ग्रॅम, यात मोजायचं काय. किलो नुसत्या मांसाचा की चरबीसकट सगळ्याचा, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण गिळलं. रविवारी येतायत. शिडी परत हवीये त्यांना.